नववं ठिगळ

तिने पंपाचं घड्याळ पुढे सरकवलं आणि वजनकाट्यावरच्या आकड्याकडे डोळे लावून बसली.

काट्यावर काचेचं भांडं होतं आणि भांड्यात पंपाच्या नळीचं टोक सोडलेलं होतं. सिरिंजमध्ये औषधाऐवजी पाणी होतं, पन्नास मिलिलिटर. ते तासाला दोन मिलिलिटर या गतीने उतरत होतं, म्हणजे आकडा हलतोय की नाही हे कळायलासुद्धा मिनिटभर थांबावं लागत होतं. स्क्रीनवर घड्याळ चाललं होतं. चोवीस दिवस, वीस तास, एकतीस मिनिटं, एकोणीस सेकंद. वीस. एकवीस. बावीस. तेवीस.

पंप क्षणभर थबकला. मग मोटरीचा आवाज चढला आणि सिरिंजचा दट्ट्या, जो एरवी हलताना दिसतही नाही, डोळ्यांदेखत पुढे सरकू लागला. काट्यावरचे आकडे वाचता येईनात. अडीच मिनिटांनी सिरिंज रिकामी झाली आणि काम वेळेत आटोपल्याच्या थाटात पंपाने नेहमीची बारीक शिटी वाजवली.

तिने पाणी पुन्हा भरलं, घड्याळ पुन्हा मागे घेतलं, पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा ती उठली आणि विभागप्रमुखांच्या काचेच्या केबिनचं दार अर्धवट उघडून उभी राहिली.

"मॅडम, एक मिनिट येता?"

"शंकाबाई, तुमचं एक मिनिट म्हणजे माझा एक तास."

हे नाव तिला रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात पडलं होतं. मॅडम आल्या. त्यांनी भरलेलं भांडं पाहिलं, रिकामी सिरिंज पाहिली. काय झालं, असं विचारलं नाही.

"नऊ नंबर काढलंस."

"त्यावर कारण लिहिलेलं नव्हतं."

"'काढू नये' असं लिहिलं होतं."

"का काढू नये, ते नव्हतं ना!"

पंप चालवणारा कोड कंपनीने लिहिलेला नव्हता. 'माळी' या नावाने वावरणाऱ्या कुणा माणसाने तो आपल्या काचघरातल्या झाडांना थेंब थेंब पाणी देण्यासाठी कधीतरी लिहिला होता आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. मग एका प्रयोगशाळेने तो घेतला आणि अगदी सावकाश गतीची सोय त्यात घातली. कुणी मोटर अडकली तर ओळखण्याची युक्ती जोडली. पुढे औषधाचे पंप बनवणाऱ्या सात कंपन्यांनी तो उचलला. त्यांची यादी इंटरनेटवरच्या त्याच्या पानावर होती. या कंपनीने त्यात स्वतःपुरत्या अकरा दुरुस्त्या केल्या होत्या. त्या बाहेर दिलेल्या नसल्यामुळे माळ्याची नवी आवृत्ती आली की प्रत्येक वेळी हाताने पुन्हा लावाव्या लागत. विभागात त्यांना ठिगळं म्हणत. या वेळी ते काम तिच्याकडे आलं होतं. बाकीच्या दहा ठिगळांचा उपयोग तिला कळला. नववं चार ओळींचं होतं आणि त्याने काहीच फरक पडताना दिसत नव्हता, म्हणून तिने ते गाळलं होतं.

"तीन दिवस ते आपल्या नव्या आवृत्तीत नव्हतं, मॅडम. सगळ्या चाचण्या पास झाल्या. पंचवीस दिवस न थांबता चालणारी चाचणी आपल्याकडे नाहीच आहे. मला चैन पडेना म्हणून मी घड्याळ पुढे ढकलून पाहिलं."

घड्याळ सेकंदाचे हजार भाग मोजत होतं. पंचविसाव्या दिवशी आकडा मावेनासा व्हायचा आणि उलटून उणे व्हायचा. पंपाला वाटायचं, आपण फार मागे पडलोय. मग राहिलेलं भरून काढायला तो जीव तोडून ढकलत सुटायचा.

"परत लाव," मॅडम म्हणाल्या. "आणि ते भांडं पुसून ठेव."

"बाकीच्या सहा कंपन्यांकडे हे ठिगळ आहे का?"

मॅडमनी काट्याचं बटण दाबून आकडा शून्यावर आणला. काट्यावर भरलेलं भांडं तसंच होतं.

"बाहेर द्यायचं असेल तर फॉर्म भर. कायदा विभागाकडे दे," त्या म्हणाल्या आणि तिच्याकडे न बघता केबिनमध्ये गेल्या.

तिने त्याच दिवशी फॉर्म भरला. 'का द्यायचे आहे' या रकान्यात दीड ओळीची जागा होती. तिने मागच्या बाजूला लिहिलं.

आठवडा गेला, मग दुसरा गेला. रोज सकाळी दात घासताना ती दोन आकडे मोजायची. एक, फॉर्म देऊन किती दिवस झाले. दुसरा तिला मोजायचा नव्हता, पण तो आपोआप मोजला जायचा. तिची मोठी बहीण एका हॉस्पिटलात नर्स होती, दोघी एकत्रच राहत होत्या, आणि ताईच्या वॉर्डात याच महिन्याच्या एक तारखेला नवे पंप लागले होते. ताईने कौतुकाने फोटो दाखवला होता. फोटोतल्या पंपावरचं नाव माळ्याच्या पानावरच्या यादीत तिसरं होतं. वॉर्डातले पंप कुणी बंद करत नाही, हे तिला माहीत होतं. एका पेशंटचा काढला की दुसऱ्याला लावतात. विचारावं, तर ताई म्हणणार, का विचारतेस. आणि खोटं बोलायचं तर ताईसमोर तिला ते कधीच जमलेलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी ती चौथ्या मजल्यावर कायदा विभागात गेली. महिन्याची तेवीस तारीख होती.

"या या, शंकाबाई," वकीलसाहेब म्हणाले. "नाव वरपर्यंत पोचलंय तुमचं. बसा. चहा?"

"माझा फॉर्म..."

"आहे ना. हा काय, सगळ्यात वर ठेवलाय." तो खरोखरच वर होता. "मला एक सांगा, मी तीन-चार वर्षं हे कागद बघतोय. लोक हे फुकट का करतात? मला खरंच कळत नाही, चेष्टा नाही करत."

ती जरा विचारात पडली. प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाला काहीतरी ठोकून द्यायची तिला सवय नव्हती.

"सगळ्यांचं कारण एक नसतं, साहेब. माळ्याला झाडांना पाणी घालायचं होतं. एका मुलीने मोटरची युक्ती जोडली, तिला नोकरी शोधताना दाखवायला काहीतरी हवं होतं. प्रयोगशाळेवाल्यांना वाटलं, आपण दिलं तर इतरही देतील, आणि तसं झालंही. कंपन्यांचं म्हणाल तर... स्वतःचं ठिगळ दर वेळी स्वतःच लावायचं म्हणजे कधीतरी कुणीतरी ते गाळणार."

"आणि तुमचं कारण?"

"मी गाळलं होतं."

वकीलसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. आता शांतपणे ऐका. दुरुस्ती देणं म्हणजे दोष होता हे लिहून देणं. दोष होता, तर आपण आधी विकलेल्या पंपांतही तो होता."

"त्यांचं काय केलं?"

"देखभालीच्या नावाखाली सगळ्यांची आवृत्ती बदलली. आपलं घर आपण झाडून घेतलंय."

"आणि बाकीच्या कंपन्यांचे पंप?"

"बाकीच्या कंपन्यांनाही वकील आहेत की!" ते हसले, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते आवरतं घेतलं. "मी वाईट माणूस नाही हो. समितीपुढे ठेवतो. बैठक दोन महिन्यांनी आहे. तोवर कोड नाही, वर्णन नाही, इशारा नाही. इशारा म्हणजे घरीसुद्धा नाही. तुम्ही सही केलीय त्यावर."

जिन्यावरून उतरताना तिने मोजलं. पंचविसाव्या दिवसाला दोन दिवस उरले होते.

संध्याकाळी ताई दुसऱ्या दिवशीच्या गणवेशाला इस्त्री करत होती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"तुमचे नवे पंप कसे आहेत गं?"

"पंपच ते. तुझ्यासारखे आहेत, जरा काही झालं की कोकलतात."

"बंद करता का कधी?"

"रविवारी."

तिला वाटलं, ताई काहीतरी वेगळंच बोलतेय.

"रविवारी म्हणजे?"

"दर रविवारी सकाळी, शिफ्ट बदलायच्या आधी. एकेक करून बंद करायचा, लगेच चालू करायचा. दोघी लागतात. एकीने पेशंटकडे बघायचं, एकीने पंपाकडे." ताईने बाही उलटली. "तुझा चेहरा असा का झालाय?"

"पुस्तिकेत लिहिलंय तसं?"

"पुस्तिका कोण वाचतं बाई! मोठ्या सिस्टरनी लावून दिलंय ते. दोन वर्षं झाली, जुन्या पंपांपासून चालू आहे."

मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डातल्या सगळ्यात अनुभवी नर्स, एवढं तिला ऐकून माहीत होतं. त्या आधी दुसऱ्या हॉस्पिटलात होत्या, हे तिला आत्ता कळलं. तिथे चार वर्षांपूर्वी, दुपारी, त्या शेजारच्या खाटेपाशी असताना एक भरलेली सिरिंज मिनिटा-दोन मिनिटांत रिकामी झाली होती.

"आणि पेशंट?"

ताईने इस्त्री कॉलरवरून नेली, परत आणली, पुन्हा नेली.

"कागदावर आलं की सिस्टरनी गती चुकीची लावली. कंपनीचा माणूस येऊन मशीन तपासून गेला. मशीन चांगलं निघालं."

तपासायच्या आधी त्याने ते बंद करून चालू केलं असणार. तिला तो माणूस, त्याची अवजारांची पेटी आणि बटणावरचं त्याचं बोट स्पष्ट दिसलं. पंप कुठल्या कंपनीचा होता, हे तिने विचारलं नाही.

"सिस्टरना काढून टाकलं," ताई म्हणाली. "दोन वर्षं घरी बसल्या. मग आमच्याकडे लागल्या. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून म्हणाल्या, रविवारी पंप बंद करायचे, का ते मला विचारू नका. त्या मशीनला महिनाभर कुणी बंद केलेलं नव्हतं, एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. आता बाकीच्या वॉर्डांत जाऊन सांगतात. बदली होऊन गेलेल्या मुलींना फोन करतात, कशी आहेस वगैरे काही नाही, थेट 'रविवार केलास का?'. आम्ही हसतो त्यांना."

"त्यांना हे करायला कुणी सांगितलंय?"

"कोण सांगणार? त्यांना तर गप्प बसायला सांगितलं होतं."

ती पलंगाच्या कडेला बसली. मग तिने ताईला सगळं सांगितलं: घड्याळ, उणे होणारा आकडा, नववं ठिगळ, फॉर्म.

"म्हणजे त्यांनी गती बरोबर लावली होती," शेवटी ताई म्हणाली.

"बहुतेक हो."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"एकोणीस दिवस."

ताईने इस्त्री बंद केली. गणवेशाची पाठ अजून चुरगळलेलीच होती.

"एकोणीस दिवसांत निदान दोन रविवार येतात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाल्यावर ती कामाला लागली. नवव्या ठिगळातल्या, मॅडमनी लिहिलेल्या चार ओळी तिने उतरवून घेतल्या नाहीत. दोष समजला होता, तो तिने आपल्या पद्धतीने दुरुस्त केला. सहा ओळी झाल्या. मग कारण लिहिलं: काय होतं, कितव्या सेकंदाला होतं, घड्याळ पुढे ढकलून ते कसं पाहता येतं, आणि या ओळी कधीही का काढू नयेत.

खाली एक ओळ उरली होती. माळ्याच्या पानावरचा हा नियमच होता की निनावी काही घ्यायचं नाही. देणाऱ्याने स्वतःचं खरं नाव आणि पत्ता लिहून म्हणायचं, 'हे देण्याचा मला अधिकार आहे'. घरच्या पत्त्याने पाठवलं, तर हे माझं आहे असं म्हटल्यासारखं होत होतं, आणि नोकरीच्या करारानुसार ते तिचं नव्हतं. कंपनीच्या पत्त्याने पाठवलं, तर मला परवानगी आहे असं म्हटल्यासारखं होत होतं, आणि ती तर नव्हतीच. शिवाय कंपनीच्या पत्त्यावरून असं काही बाहेर गेलं की कायदा विभागाला आपोआप सूचना जाई. तिने हात थोडा वेळ मांड्यांखाली दाबून ठेवले. एक वाजून दहा मिनिटांनी तिने नाव लिहिलं, कंपनीचा पत्ता लिहिला आणि पाठवलं.

चार मिनिटांत उत्तर आलं.

'नमस्कार. तुमची दुरुस्ती आली. मी ती अजून उघडलेली नाही. गेल्या दोन वर्षांत घड्याळाच्या याच भागासाठी तिघांनी काहीतरी पाठवलं आणि मी पाहायच्या आत मागे घेतलं. तिघेही पंपवाले. तिथे काहीतरी बिघडलेलं आहे एवढं मला कळलं आहे. तेव्हापासून शोधतो आहे, सापडत नाही. माझ्याकडे पंप नाहीत, टोमॅटो आहेत, आणि माझं यंत्र मी रोज संध्याकाळी बंद करतो. एकदा वाचलं की मला न वाचल्यासारखं वागता येणार नाही. म्हणून तुम्हाला मागे घ्यायचं असेल तर आत्ता घ्या, मी राग धरणार नाही. झाडांकडे जाऊन येतो. अर्ध्या तासाने उघडेन.'

तिने तीनदा वाचलं. मग पानावरची जुनी यादी उघडली. मागे घेतलेल्या तीन नोंदी करड्या रंगात तिथेच होत्या. आतला मजकूर गेलेला, पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ तेवढी शिल्लक. पहिले दोन पत्ते यादीतल्या दुसऱ्या कंपन्यांचे होते. तिसरी नोंद सगळ्यात जुनी होती, आणि तिच्या पत्त्याचा शेवट तिच्या स्वतःच्या पत्त्यासारखा होता. पुढे मॅडमचं नाव होतं. ती नोंद चाळीस मिनिटं उघडी होती.

टेबलावरचा फोन वाजला. त्यावर कायदा विभागाचा नंबर होता. तिने उचलला नाही. तो वाजून वाजून थांबला आणि काचेपलीकडे, मॅडमच्या केबिनमध्ये वाजू लागला. मॅडमनी उचलला. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी मान वर करून काचेतून तिच्याकडे पाहिलं.

मग त्या बाहेर आल्या. त्यांच्या चालण्यात घाई नव्हती. तिच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी माळ्याचं उत्तर वाचलं. खालची यादीही वाचली असावी, कारण त्यांचं बोट शेवटच्या करड्या नोंदीपाशी थांबलं.

"कधी आलं हे?"

"एक चौदाला."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

फोन पुन्हा वाजला. तिचा हात पुढे झाला, पण मॅडमनी तिच्या खांद्यावरून वाकून रिसीव्हर उचलला.

"हो, तिच्याच टेबलापाशी आहे... हो, पाहिलं मी... हो, मागे घेता येतं, एक बटण असतं त्याला... हो. माहीत आहे मला कसं घेतात ते." पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं झालं. "बरं. सांगते तिला."

रिसीव्हर ठेवून त्यांनी शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि बसल्या. चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"मागे घ्यायला सांगितलंय. लगेच."

ती थांबली. बटण स्क्रीनवर होतं, दोघींच्याही हाताच्या अंतरावर.

"मी चाळीस मिनिटं वाट बघत बसले होते," मॅडम म्हणाल्या. "वाटत होतं, तेवढ्यात तो उघडेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

पलीकडच्या टोकाला कुणीतरी हसत हसत जेवून परत येत होतं. लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. तिने दचकून तिकडे पाहिलं. मॅडमनी पाहिलं नाही.

"जेवलीस का?"

"नाही."

"मग डबा काढ," मॅडम म्हणाल्या. "अजून बारा मिनिटं आहेत."